तपासणी केली, बॅटरीत दोष नाही

सूर्य संध्याकाळी घरी जातो आणि आपल्याला नेमके तेव्हाच दिवे लावायचे असतात. एवढ्या एका गैरसोयीवर आमची कंपनी चालते. दिवसा पॅनलनी केलेली वीज बॅटरीत भरायची आणि ऊन गेलं किंवा लाइट गेली की वापरायची. बस! यात न कळण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटायचं. मग मी सर्व्हिसला लागले.

'तपासणी केली, बॅटरीत दोष नाही' हे वाक्य रिपोर्टात इतक्यांदा लिहावं लागतं, की शेवटी मी त्याचा रबरी शिक्का करून घेतला. दोष कोणात होता, हा रकाना फॉर्मवर नाही. त्यामुळे ते सगळं माझ्या डोक्यात साठत जातं. बॅटरी निदान वापरली की रिकामी तरी होते!

*

सुरुवात घरच्यांपासून करते. निनाद आमचा सेल्सचा माणूस. त्याच्या तोंडाला कंपनीनं स्विच बसवलेला नाही.

शनिवार पेठेत ब्याऐंशी वर्षांच्या एका आजोबांना तो बॅटरी समजावत होता. मी मोजमापं घेत होते. ऐकून ऐकून आजोबांनी एकच प्रश्न विचारला, "टिकते किती?"

"लाइफटाइम!" निनाद म्हणाला.

"कोणाचं?"

"अहो आजोबा, तुमचंच!"

आजोबांनी चष्मा लावून कागद वाचला. "इथं वॉरंटी पाच वर्षांची लिहिलीये," ते म्हणाले. मग शांतपणे कागदाची घडी घातली. "कळलं. बसा, चहा घ्या. तेवढा वेळ आहे अजून."

*

वारज्याच्या एका सोसायटीनं लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी बॅटरी घेतली. महिन्याभरात चेअरमनचा फोन, "लाइट गेलीये, लिफ्ट बंद पडलीये. तुमचा माल बोगस आहे!"

मी आणि रफीकभाई धावत गेलो. रफीकभाई आमचे वायरमन. जन्म पुण्यातला, बोलणं कमी, जे दाखवायचं ते स्क्रू ड्रायव्हरनं दाखवतात. त्यांनी दाखवलं. बॅटरीवर भरतकामाचं कव्हर, कव्हरवर झेंडूचा हार आणि मेन स्विच बंद!

"हा कोणी बंद केला?"

"मी," चेअरमन अभिमानानं म्हणाले. "वापरली की झिजते. अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवलीये."

"अहो, लिफ्टमध्ये दोन माणसं अडकलीत! आणखी कोणती अडचण यायची राहिलीये?"

चेअरमननी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"बी विंगची आहेत."

*

बाणेरला एक आयटीवाले आहेत. बॅटरीत किती टक्के वीज उरली हे दाखवणारं ॲप त्यांना आम्हीच दिलं. चूक आमची.

तक्रार त्यांच्या बायकोनं केली. बाई अमरावतीच्या. दार उघडताच सुरू झाल्या, "मी मिक्सर लावला का यांचा फोन येते! 'अगं, दोन टक्के गेले!' काल इस्त्री लावली तं मीटिंगमधून उठून फोन. माह्या घरात मी चोरावानी चहा करून राहिली मॅडम!"

मी बॅटरी तपासली. ठणठणीत होती.

"बॅटरीले काहीच नाही झालं," त्या म्हणाल्या. "ते ॲप तेवढं काढून द्या."

"ॲप त्यांच्या फोनमध्ये आहे. ते आम्हाला काढता येत नाही."

"मंग यायलेच घेऊन जा. वॉरंटीत असन तं बदलून द्या!"

*

एका बागेत 'शंभर टक्के सूर्याच्या विजेवर' असे दिवे लागणार होते. बॅटरी आली होती. पॅनल अजून ट्रकमध्येच होते. पण माननीयांना तीच संध्याकाळ मोकळी होती, त्यामुळे उद्घाटन तेव्हाच!

मग बाथरूमच्या मागे डिझेलचा जनरेटर आला. रफीकभाईंनी त्याची वायर जोडायला साफ नकार दिला आणि ते सरळ बाकावर जाऊन बसले. निनादनं दुसरा माणूस आणून ती जोडून घेतली.

माननीयांनी बटण दाबलं. दिवे लागले, टाळ्या झाल्या. मग त्यांनी कान टवकारले. "हा धडधड आवाज कसला?"

"बॅटरी चार्ज होतेय, साहेब," निनाद म्हणाला.

"असं होय! ताकद आहे हो सूर्यात!"

पुढच्या भाषणात ते 'प्रदूषणमुक्त' हा शब्द सारखा घेत होते. पाचव्या वेळेला त्यांना धुरानं जो खोकला लागला, तो आभारप्रदर्शन संपेपर्यंत थांबला नाही.

*

बिबवेवाडीतली एक बॅटरी मात्र रफीकभाईंच्या खालासाठी होती. खाला म्हणजे त्यांची मावशी. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, फुप्फुसं थकलेली, दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन. लाइट गेली की रफीकभाई हातातलं काम टाकून पळायचे.

सोसायटीच्या सेक्रेटरीनं गच्चीवर पॅनल लावू दिले नाहीत. "गच्ची सर्वांची आहे." म्हणून गॅलरीच्या कठड्याला पॅनल बांधले आणि बॅटरी बाहेरच्या खोलीत बसवली. दुसऱ्याच दिवशी खाली फलकावर नोटीस लागली: 'तिसऱ्या मजल्यावर स्फोटक वस्तू ठेवण्यात आली आहे. मुलांना त्या घरी पाठवू नये.'

त्या वर्षी ईदला खालांनी नेहमीसारखं मोठं पातेलं भरून शीरखुर्मा केला. बिल्डिंगमधलं एकही मूल आलं नाही. रफीकभाईंनी मला एवढंच सांगितलं, "पातेलं तसंच होतं."

उन्हाळ्यात एका सकाळी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. आम्ही दोघं खालांकडं पोचलो तेव्हा मशीन व्यवस्थित चालू होतं. दुपारी दार वाजलं. दारात सेक्रेटरी! एका हातात वाफ घ्यायचं मशीन, दुसऱ्या हाताला धरलेली त्यांची म्हातारी आई. जिना चढून आलेली. तिला श्वास पुरत नव्हता.

रफीकभाई दारातून हलले नाहीत. त्यांना असं उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"आपण... म्हणजे, पाच मिनिटांचंच काम आहे," सेक्रेटरी म्हणाले.

रफीकभाईंनी माझ्याकडं न बघता विचारलं, "दोन्ही मशीन लावली तर किती वेळ जाईल?"

"संध्याकाळपर्यंत सहज. ऊन आहे अजून."

आतून खालांचा आवाज आला, "रफीक, दारातून बाजूला हो. आजींना खुर्ची दे. बॅटरीला चिकटूनच ठेव, वायर पुरायची नाही."

आजी बॅटरीला टेकून बसल्या. वाफ सुरू झाली, हळूहळू श्वास ताळ्यावर आला. सेक्रेटरी बॅटरीकडं पाठ करून उभे होते. आजी खालांशी गुडघ्यांबद्दल बोलायला लागल्या. तासाभरात सबंध बिल्डिंग मोबाइल घेऊन वर आली. चार वाजेपर्यंत त्या खोलीत अकरा चार्जर होते आणि एका बाईंनी तर मिक्सरही आणला होता!

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्टवर सही घ्यायला गेले. खाली फलकापाशी थांबले. जुनी नोटीस जागच्या जागी होती. तिच्याच खाली, त्याच अक्षरात, नवी टाचली होती:

'लाइट गेल्यावर तिसऱ्या मजल्यावर जाणाऱ्यांनी रांगेची शिस्त पाळावी. चपला बाहेर काढाव्यात. मिक्सर आणू नये. आदेशावरून, सेक्रेटरी.'