तळ्याला खेटून असलेली जागा

सिंगापुरात, टॅम्पिनीसला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे गृहस्थ एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनापासून लांब घर घेणाऱ्यांची कीव करतात. जवळ असेल ते चांगलं, एवढाच त्यांचा हिशोब. "वहिनी, तुम्ही फक्त बॅगा भरा," हे त्यांचं सहल ठरवतानाचं आवडतं वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

डिसेंबरात आमची दोन कुटुंबं दोन कॅम्परव्हॅन घेऊन न्यूझीलंड फिरणार आहेत. रात्री गाड्या लावून मुक्काम करायच्या जागा अर्थातच ते निवडतात. परवा त्यांच्याकडे बसलो असताना त्यांनी लॅपटॉपवर एका प्रसिद्ध तळ्याला अगदी खेटून असलेली जागा दाखवली. तिथे स्वच्छतागृहच नव्हतं.

"गाडीत टॉयलेट आहे ना?" मी विचारलं.

"आहे, पण वापरायचं नाही. ती टाकी रिकामी कोण करणार?"

बरोबर येणारे त्यांचे वडील तिथेच बसले होते. त्यांना रात्री सारखं उठावं लागतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. "मी दुपारनंतर पाणीच पिणार नाही," ते हळूच म्हणाले.

"बघा, बाबांचा प्रश्न मिटला," म्हणत गृहस्थ बुकिंग करू लागले.

मला संताप आवरेना. मी तिथल्या तिथे फोनवरून आमच्या गाडीसाठी जरा लांबची, स्वच्छतागृह असलेली जागा घेतली.

"काका, तुम्ही आमच्या गाडीत झोपायचं."

"अहो वहिनी, तिथून तळं दिसत नाही."

"तळं मी दिवसा बघेन," काका म्हणाले आणि त्यांनी सुनेकडे आणखी एक कप चहा मागितला.