पिच्चरबाई

दर रविवारी सकाळी प्रिचर्ड मिस सोलापूरच्या एसटी स्टँडवर जायच्या आणि जी गाडी आधी सुटेल तिच्यात बसायच्या. गाडी कुठे चालली आहे हे त्या पाटीवर बघत नसत, कंडक्टरला विचारत. तो गाव सांगे, त्या म्हणत, "शेवटपतुर द्या." शेवटच्या थांब्यावर उतरायचं, गावातून एक चक्कर मारायची, कुणी बोलावलं तर चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या आत वसतिगृहात हजर व्हायचं. एकदा मी विचारलं, "आज कुठे गेला होतात?"

"जेऊर."

"तिथे काय आहे?"

"स्टेशन हाय."

"स्टेशन तर सोलापूरलाही आहे."

"व्हय. पर ते जेऊरचं न्हाय."

त्यांच्याशी बोलणं बहुतेक वेळा असंच संपायचं.

मिस न्यूझीलंडच्या. मुलींनी पहिल्याच दिवशी विचारलं की तुमचा देश कुठे आहे, तेव्हा त्या म्हणाल्या, "नकाशात खाली, उजवीकडं. कोपऱ्यात." वसतिगृहाच्या नकाशाचा तो कोपरा उंदरांनी खाल्लेला होता, त्यामुळे मुलींची त्या देशाबद्दलची कल्पना शेवटपर्यंत अस्पष्टच राहिली. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी त्या आमच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आल्या. वय चाळिशीच्या अलीकडे, उंची दारातून वाकून यावं लागेल इतकी, आणि चेहरा असा की त्या खूश आहेत की रागावल्यात हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या नागव्वाला 'प्रिचर्ड' म्हणता येईना. तिने त्यांची पिच्चरबाई केली. महिन्याभरात सगळं सोलापूर त्यांना पिच्चरबाई म्हणू लागलं. मिसना 'पिच्चर'चा अर्थ कुणीतरी सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बरं हाय. लोकं बगायला येतील."

मी त्या शाळेत मराठी शिकवत होते आणि वसतिगृहाची सहायक रेक्टर होते. आमच्या मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. त्यांनी मिसना शुद्ध मराठी शिकवण्याचं काम माझ्याकडे दिलं. मी पुण्याची, तेव्हा ते काम मी फार मनावर घेतलं. पण मिस जेवायला स्वयंपाकघरात मुलींबरोबर बसायच्या, भाकरी थापताना नागव्वाशेजारी उभ्या राहायच्या, आणि माझ्या तासाला येईपर्यंत त्यांचं मराठी शिकून झालेलं असायचं. मी म्हणायची, "मिस, 'हाय' नाही. 'आहे' म्हणावं." एकदा पेन खाली ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "शोभाबाई, नागव्वा हाय म्हणती. मुली हाय म्हणत्यात. कंडक्टर हाय म्हणतोय. तुमी एकट्याच आहे म्हणता."

त्या वर्षी शिक्षणाधिकारी तपासणीला आले. मोठ्या बाईंनी मिसना पुढे केलं. साहेब कोटाचं बटण लावून इंग्रजीत दोन वाक्यं तयार करत आत शिरले. मिस उठून म्हणाल्या, "या की सायेब. कुटनं आलासा? उन्हाचं लई दमलासा की. बसा हितं." साहेब बसले. तपासणीत आमच्या शाळेला एकही शेरा मिळाला नाही. साहेबांना पुढचं काही सुचलंच नसावं.

त्यांच्याकडे हॉकीची एक काठी होती. इकडच्या मुरमाड मैदानावर त्यांनी मुलींना हॉकी शिकवायचा प्रयत्न केला. चेंडू गटारात गेला आणि काठी एकच असल्यामुळे बाकीच्या मुली बघत उभ्या राहिल्या. मग मुलींनी त्यांना खो-खो शिकवला. रांगेत उकिडवं बसताना त्यांचे गुडघे कानाजवळ यायचे. त्यांनी पाठीवर खो दिला की मुलगी धावत सुटायची नाही, आधी पडायची. पण खेळ त्यांनी नीट समजून घेतला आणि सहा महिन्यांत शाळेचा संघ उभा केला. त्या कुणाला शाबासकी देत नसत. उत्तम खेळलं तर "चालतंय". वाईट खेळलं तर "पुन्यांदा". मुली त्या 'चालतंय'साठी जीव टाकायच्या.

संघात सुगंधा नावाची नववीतली मुलगी होती. मोहोळकडच्या एका खेड्यातली, उंच, काटकुळी, तोंडाने फटकळ. ती धावायला लागली की मैदानाच्या कडेला स्वेटर विणत बसलेल्या आमच्या शिक्षिकासुद्धा सुया थांबवायच्या. मिस तिच्याकडे बघताना एरवीपेक्षा कमी वेळा पापण्या हलवत, एवढंच त्यांचं कौतुक दिसायचं. अकलूजला आंतरशालेय सामने होते आणि या वेळी ढाल आपलीच असं सगळ्यांनी धरलं होतं.

सहामाहीत सुगंधा इंग्रजीत नापास झाली. शाळेचा नियम होता की नापास मुलीला सामन्यांसाठी बाहेरगावी न्यायचं नाही. मोठ्या बाई कडक असल्या तरी ढाल त्यांनाही हवी होती. त्यांनी मिसना खोलीत बोलावलं. मीही होते.

"पेपर पुन्हा एकदा नजरेखालून घाला," मोठ्या बाई म्हणाल्या. "एखादं उत्तर राहिलं असेल तपासायचं."

"बगितला पुन्यांदा. पुन्यांदा बी नापासच हाय."

"शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे, मिस."

"इज्जत लई हाय. इंग्रजी न्हाय."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुगंधाने मिसना अंगणात सगळ्यांसमोर गाठलं. डोळे रडून सुजलेले. "मी नगं असंल संघात, तर तसं सांगायचं की! नापास कशापायी केलं?"

"तुला इंग्रजी येत न्हाय म्हणून," मिस म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या.

मला ते फार निष्ठुर वाटलं. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "खरं हाय ते. दुसरं काय सांगू?" पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, हे मला नागव्वाने सांगितलं. सुगंधाने मिसशी बोलणं टाकलं. वर्गात हजेरीला हात वर करायची, तोंड उघडायची नाही.

अकलूजला आम्ही पहिल्याच सामन्यात गारद झालो. मग परतीची गाडी. दोन्ही बाजूंना उसाचे फड आणि गाडीत मयत झाल्यासारखी शांतता. मिस म्हणाल्या, "हरलो. लई वाईट हरलो." मग माझ्याकडे वळून, "येत्या रविवारी सुगंधा माझ्यासंगं येईल. गाडीत शिकवीन."

मोठ्या बाईंनी परवानगी दिली, पण सोबत एक मराठी शिक्षिका हवी अशी अट घातली. अशा रीतीने माझे रविवार गेले.

पहिले काही रविवार सुगंधा खिडकीशी बसून बाहेर बघत राहिली. मिस तिला काही विचारत नसत. त्या आपल्या रस्त्यावरच्या मराठी पाट्या मोठ्याने वाचत. बोलायला त्या नागव्वाकडून शिकल्या होत्या, पण वाचायला माझ्याकडून, आणि ते कच्चं होतं. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' त्यांना सारखेच दिसायचे. गाडीतले लोक माना वळवून ऐकायचे. एका गावात गाडी थांबली आणि समोरच्या दुकानावरची पाटी मिसनी खणखणीत वाचली, "घान्य मांडार."

सुगंधाने ओठ चावले.

"घान्य मांडार," मिस पुन्हा म्हणाल्या.

"घान्य न्हाय ओ!" सुगंधा ओरडली. "धान्य! धान्य भांडार! दोन वर्सं झाली हितं येऊन, आणि 'ध' येत न्हाय?"

"न्हाय येत," मिस म्हणाल्या. "तुला येतंय. आता ती वाच." पलीकडे टायरची इंग्रजी पाटी होती. सुगंधाने रागारागात ती वाचली. बरोबर वाचली. मिस म्हणाल्या, "चालतंय."

मग तसंच ठरून गेलं. मराठी पाटी मिस वाचणार आणि सुगंधा चूक काढणार. इंग्रजी पाटी सुगंधा वाचणार आणि मिस चूक काढणार. पेट्रोल पंप, सिमेंट, धोक्याच्या पाट्या, दवाखाने, ट्रकच्या पाठी. मिसची चूक काढताना सुगंधाला जो आनंद व्हायचा तो बघण्यासारखा होता. पण हसायची नाही. अजून राग होताच.

मार्चअखेरचा रविवार. मोहोळच्या पुढच्या एका गावाहून परत येताना हमरस्त्यावर गाडी बंद पडली. बाकीचे उतारू लिंबाखाली बसले. मिसना बसणं जमणारं नव्हतं. "चालू या की मोहोळपतुर," त्या म्हणाल्या. त्यांच्याजवळची पाण्याची बाटली त्यांनी गाडीतल्या एका लेकुरवाळीला देऊन टाकली होती. भर दुपार. डांबर चपलेला चिकटत होतं. मिस पुढे, आम्ही मागे. थोड्या वेळाने त्यांची चाल वाकडी झाली. मी हाक मारली तर त्यांनी भलत्याच नावाने मला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, आणि रस्त्याकडेला आडव्या झाल्या. चेहरा लालभडक, अंगाला हात लावला तर तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही.

मी पदराने त्यांना सावली धरली आणि येणाऱ्या ट्रकांना हात करत राहिले. ट्रक हॉर्न वाजवून निघून जात होते. तेव्हा सुगंधा रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. मी किंचाळले. ट्रक तिच्यापुढे करकचून थांबला. ड्रायव्हर दक्षिणेकडचा होता. तो त्याच्या भाषेत शिव्या देत उतरला. मी त्याला हिंदीत सांगू लागले, त्याला कळेना. इंग्रजी मला येत होतं, मी पदवीधर होते. पण त्या क्षणी एक शब्द तोंडातून फुटेल तर शपथ.

सुगंधाने मिसकडे बोट दाखवलं. "टीचर सिक!" ती ओरडली. "टीचर सिक! डेंजर! यू स्टॉप! यू, मी, टीचर, गो मोहोळ! हॉस्पिटल! गो!"

ड्रायव्हरने एकदा तिच्याकडे, एकदा मिसकडे पाहिलं. मग त्याने आणि त्याच्या क्लीनरने मिसना उचलून आत घेतलं. मोहोळपर्यंत सुगंधा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, ट्रकमधल्या कॅनच्या पाण्याने ओढणी भिजवून त्यांच्या कपाळावर धरत होती, आणि सारखी म्हणत होती, "मिस, मरू नगा ओ. मिस, मरू नगा."

मोहोळच्या दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर कठीण होतं. संध्याकाळी मिसनी डोळे उघडले. मी त्यांना सगळं सांगितलं. सुगंधा खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून उभी होती. मिसनी तिला जवळ बोलावलं.

"काय म्हनलीस त्या ड्रायव्हरला?"

"टीचर सिक," सुगंधा हळू आवाजात म्हणाली.

मिसनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, झोपल्या. मग त्या म्हणाल्या, "द टीचर इज सिक. 'द' खाल्लास. 'इज' बी खाल्लास."

"घाई व्हती ओ," सुगंधा म्हणाली.

मिसनी थोडा विचार केला. "व्हय," त्या म्हणाल्या. "तितं चालतंय."

त्यावर सुगंधा हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मिसच्या सलाईन नसलेल्या हातावर डोकं टेकून बराच वेळ रडत राहिली. मिसना अशा वेळी काय करायचं ते ठाऊक नसायचं. त्यांनी तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या. खो द्यायच्या तशाच, पण आजारी माणसाच्या जोराने.

वार्षिक परीक्षेचा सुगंधाचा पेपर मिसनी तपासला नाही. कुणी काही बोलायला नको म्हणून दुसऱ्या शिक्षिकेकडे दिला. निकालाच्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. सुगंधा पास झाली, काठावर. पुढच्या वर्षी ती अकलूजला खेळली. आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि अगदी थोडक्यात हरलो. मिस म्हणाल्या, "हरलो. पर बरं हरलो." मुलींनी परतीच्या गाडीत गाणी म्हटली.

नंतर वर्षा-दोन वर्षांत त्यांचा इथला मुक्काम संपला. सरकारकडून मुदत वाढवून मिळाली नाही. स्टेशनवर सगळ्या मुली हुंदके देत होत्या. मिस डब्याच्या दारात वाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रडायचं तर वसतिगृहात जाऊन रडा. हितं लोकास्नी गाडीत चढायचंय." एरवी कधी भावूक न होणाऱ्या मोठ्या बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि गाडीने शिटी दिली तरी सोडेनात. शेवटी मिसच म्हणाल्या, "सोडा की बाई, गाडी हाललीया." मी हे मोठ्या बाईंच्या मागे उभी राहून ऐकलं, आणि 'हाललीया' दुरुस्त करावं असं मला प्रथमच वाटलं नाही.

मिस वारल्याची बातमी बऱ्याच वर्षांनी त्यांच्या बहिणीकडून शाळेत आली. मोठ्या बाई आता नव्हत्या. सुगंधाला मी कळवलं. ती बार्शीकडे शिक्षिका होती. मग नागव्वाला सांगायला मी तिच्या मुलाच्या घरी, अक्कलकोट नाक्याजवळ गेले. तिला दिसत नव्हतं, पण आवाजावरून तिने मला ओळखलं. मी सांगितलं. ती बराच वेळ "अय्यो शिवा, अय्यो शिवा" म्हणत राहिली. मग म्हणाली, "जवळ कोन व्हतं?"

"बहीण होती."

"शेवटाला काय खाल्ली व्हती का, का तशीच गेली?"

बहिणीने याबद्दल काहीच कळवलं नव्हतं. नागव्वा माझ्या दिशेने कान करून बसली होती.

"खाल्लं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"दूधभात."

"पोटभर?"

"पोटभर."

नागव्वाने मान डोलावली, पदराने डोळे पुसले आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. ती निवांत झाली होती. मिस तिथे असत्या तर त्यांनी मला नापास केलं असतं.