पहिल्या खिळ्यावरची पाटी

क्लबात त्यांना सगळे ताईच म्हणत, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायच्या आणि संध्याकाळी टेनिस क्लबात जाऊन लोकांची भांडणं मिटवायची, हा त्यांचा गेल्या कित्येक वर्षांचा दिनक्रम. गुडघ्याने दगा दिल्यावर खेळ सुटला, पण शिडी काही सुटली नाही.

शिडी म्हणजे क्लबाच्या ऑफिसातली उभी फळी. तिच्यावर एकाखाली एक खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एका खेळाडूच्या नावाची लाकडी पाटी. आपल्या वरच्या तिघांपैकी कुणालाही आव्हान द्यायचं. जिंकलात तर पाट्यांची अदलाबदल, हरलात तर आहे तिथेच. ज्याला आव्हान मिळालं त्याने दोन आठवड्यांत खेळायचं, नाहीतर जागा सोडायची. नियम इतका सोपा, पण तो मोडायचे बहाणे मात्र नाना प्रकारचे. ते सगळे ताईंच्या कानावरून जात. मागे एकदा दातांच्या डॉक्टरने अशीच टाळाटाळ केली, तेव्हा ताईंनी त्याची पाटी उतरवली होती. तेव्हापासून दाढ दुखली तरी त्या लांबच्या दवाखान्यात जात.

पहिल्या खिळ्यावर पाटी होती त्यांच्याच मोठ्या भावाची. दादा नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ताईंच्या हातात पहिल्यांदा रॅकेट त्यांनीच दिली होती, आणि धाकट्या बहिणीला ते अजून बेबीच म्हणत. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर ताई एकट्या राहत. त्या वर्षी दुसऱ्या खिळ्यावरच्या बेकरीवाल्याने दादांना आव्हान दिलं. दादांचा निरोप आला, पाठ धरलीय. मग पाठ बरी झाली तर दात सुजला, सूज उतरली तर पाहुणे आले. दोन आठवडे कधीच उलटून गेले.

एका संध्याकाळी बेकरीवाला ऑफिसात येऊन उभा राहिला. केसांत अजून पीठ होतं.

"ताई, माझी भट्टी पहाटे पेटते. दुपारची झोप मोडून मी इथे येतो, आणि तुमचे दादा पाहुण्यांना चहा पाजत बसतात? घरचा माणूस म्हणून पांघरूण घालताय तुम्ही."

त्याचं म्हणणं खरं होतं. "बघते," एवढंच ताई म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या. उठावंसंच वाटेना.

घरी दादा आवाज बंद करून टीव्ही बघत बसले होते.

"दादा, खेळ, नाहीतर मी पाटी उतरवते."

"उतरव," दादा मान न वळवता म्हणाले.

रेषेवर पडलेल्या एका चेंडूसाठी अख्खी संध्याकाळ वाद घालणारा हा माणूस. ताई स्वयंपाकघरात गेल्या. वहिनी मटार सोलत होत्या.

"वन्सं, त्यांना काही बोलू नका," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "हल्ली ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावते. हात थरथरतो. सर्व्हिसला चेंडू वर टाकला की भलतीकडेच जातो म्हणे. चारचौघांत शोभा नको, म्हणून ही सगळी सोंगं."

"आणि डॉक्टर?"

"नावसुद्धा काढू देत नाहीत."

ताई जिन्यात येऊन बसल्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. बऱ्याच वेळाने त्या पुन्हा आत गेल्या.

"दादा, हात दाखव."

"कशाला? ज्योतिषी झालीस?"

"खालून सर्व्हिस कर. नियमात बसते."

"पोरासोरांसारखी?"

"बेकरीवाला मला लबाड म्हणतोय, दादा. मी कालपर्यंत तुझ्या पाठीच्या थापा लोकांना सांगितल्या. आता नाही जमत रे मला. खरंच दमले."

दादांनी बहिणीकडे बघितलं. किती दिवसांत तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"शनिवारी सांग त्याला," ते म्हणाले.

शनिवारी बाकं भरली. दादांनी खालून सर्व्हिस केली, तेव्हा कुणीतरी फिस्सकन हसलं. बेकरीवाल्याला वाटलं, आपली थट्टा चाललीय. तो लालबुंद झाला आणि चेंडू दणादणा हाणू लागला. मग दादांच्या हातून चेंडू निसटला. उचलला, पुन्हा निसटला. बेकरीवाला बघत राहिला आणि त्याचे फटके एकदम मवाळ झाले.

"अरे, पीठ मळतोयस का?" दादा ओरडले. "नीट मार!"

मग तो नीट खेळला आणि दादा सरळ हरले. मधूनच त्यांचा जुना बॅकहँड कोपऱ्यात सणसणत जाई, तेव्हा बाकांवर टाळी पडे. शेवटी ते जाळ्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हात थरथरतो माझा. पाठ, पाहुणे, सगळं खोटं होतं. बेबीची काही चूक नाही."

"बॅकहँड अजून भारी आहे तुमचा," बेकरीवाला पुटपुटला. ताईंनी ऑफिसात जाऊन पाट्या बदलल्या. हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात दादा डॉक्टरकडे गेले. आजाराला नाव मिळालं, गोळ्या सुरू झाल्या. शिडीवर मात्र त्यांची घसरण चालू राहिली. सोपं गिऱ्हाईक म्हणून जो तो आव्हान द्यायचा आणि दादा एकालाही नाही म्हणत नव्हते. हरून आले की जेवण मात्र पोटभर जेवत.

वर्षाच्या सभेत ताई उभ्या राहिल्या. "आता शिडी दुसऱ्या कुणीतरी सांभाळा. माझं झालं." कुणी छताकडे बघितलं, कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं. "तुमच्यासारखं कुणाला जमणार, ताई?" असं अध्यक्ष म्हणाले आणि टाळ्या वाजल्या.

घरी येऊन त्यांनी गरम पाण्यात पाय सोडले.

"दिलं का एकदाचं सोडून?" वहिनींनी विचारलं.

"घ्यायला कुणी नाही."

"मग?"

"मग काय. शनिवारी तीन मॅच आहेत."

"त्यात माझी आहे का गं?" आतून दादांनी विचारलं.

"आहे. सकाळची."

वहिनींनी बादलीत आणखी थोडं कढत पाणी ओतलं. ताईंनी डोळे मिटून घेतले.