अकरा बटणांचा रस्ता

वाळूजच्या शाळेत आज कपाट आवरताना एक पिवळा रोबोट सापडला. कासवाएवढा, पाठीवर बाणांची बटणं. गळक्या सेलचा वास आला आणि मी एकदम पिशोरकडच्या आमच्या खेड्यात मी शिकवायचे त्या दुसरीच्या वर्गात जाऊन पोचले.

फरशीवर मी खडूनं गाव काढलं होतं. शाळा, हापसा, आळ्या, घरं. आधी बटणं दाबून रस्ता सांगायचा, मग असल्याच रोबोटला आपल्या घरून शाळेत सोडायचं. फळ्यावर नियम लिहिला होता, 'सगळ्यांत कमी बटणं, तो बरोबर रस्ता.'

सुजाताचं घर बुद्धविहाराशेजारी, शाळेच्या अगदी सरळ रेषेत. पाच बटणांचं काम. तिनं अकरा दाबली. रोबोट गावाबाहेरून वळसा घालत, किरकिरत शाळेत पोचला.

"चुकलं गं," मी म्हणाले. "मधल्या आळीतून सरळ आण की."

मलाच काही येत नसल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं. "नाय बाई, बरोबर हाय. त्या आळीतून आमी नाय जात. आजी म्हणती, तिथली माणसं बोलत्यात. बाहेरून जायचं."

वर्गात कुणालाच त्यात नवल वाटलं नाही.  मी मात्र घाईघाईनं फळा पुसला आणि पुढच्या मुलीला बोलावलं. त्या घाईची आज जास्त लाज वाटते.

मधल्या आळीतलं पहिलं घर आमचं होतं. मीच काढलेलं, दारातल्या रांगोळीसकट.