गायलात तर लोटायला या

साताऱ्याहून खांदेश्वरला भाचीकडे आलो होतो. होळीच्या दिवशी दुपारी तिथून उरणची बस धरली. भाची म्हणाली, मामा, आमच्या सोसायटीतही होळी आहे, डीजे आहे. म्हणून तर निघालो.

वाटेत कंटेनरच्या ट्रकांनी रस्ता अडवला. कोळीवाड्यात पोचेस्तोवर उन्हं कलली. भाचीच्या दारी मासळी विकायला येणाऱ्या सुगंधाने आग्रहाने बोलावलं होतं. तिच्या घरामागे ताडपत्रीखाली होडी झाकलेली दिसली. मागच्या वर्षी ती वादळात उलटली, सुगंधाचा नवरा जनार्दन पोहून वाचला आणि तेव्हापासून गोदामात कामाला लागला. समुद्राचं नावही काढत नाही.

"पगार येतो हो, पन मानूस हसाचा बंद झालाय," सुगंधा म्हणाली.

संध्याकाळी बायका ढोलकी घेऊन गाणी म्हणत दारोदार निघाल्या. इथली रीत मोठी छान. घरची बाई आपलं मागणं पुढे गाणाऱ्या हिराबायच्या कानात सांगते आणि ते जणू झालंच अशा थाटात तिथल्या तिथे गाण्यात गुंफलं जातं. गाण्यात एका घरच्या मुलीला नोकरी लागली, दुसऱ्या घरी वरच्या मजल्यावर नळाचं पाणी चढलं. घरधन्याने नारळ दिला की मागणं त्याला मान्य. तोवर बायका दारातून हलत नाहीत. माझा सातारी गळा, त्यात फुकटचा उत्साह. प्रत्येक धृपदाला मी आवाज चढवत होतो.

सुगंधाने कानात काय सांगितलं ते गाण्यातूनच कळलं. होरी (होडी) दर्यावर निघाली, पापलेटांनी भरून आली. जनार्दन घरातच. गाणं संपलं, हिराबायने पुन्हा सुरू केलं. आता त्यात त्याच्या मिशीची थट्टाही आली. सुगंधा पदराचं टोक पिळत उभी होती. मलाही धाकधूक वाटू लागली.

शेवटी तो नारळ घेऊन बाहेर आला. "उद्या दुपारच्या भरतीला लोटू," तो म्हणाला. "पन एकट्याला नाय जमाचं."

"एकटा कसा? गायले ते सगले येतील," हिराबाय म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "पावन्या, तू बी गायलास."

सकाळची साताऱ्याची गाडी सोडून दिली. दुपारी गुडघाभर चिखलात आम्ही होडीला खांदे लावले. माझी एक चप्पल खाडीने ठेवून घेतली. होडी तरंगली तशी सगळी आळी नाचायला लागली, मीही अनवाणी नाचलो. जनार्दनने इंजिन चालू केलं आणि तो एक फेरी मारून आला. मग अंगणात कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. इतकं चविष्ट जेवण बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

परतीच्या वाटेवर विचार करत होतो. आपण देवापुढे मनातल्या मनात मागतो, कुणाला कळू नये म्हणून जपतो. इथे मागणं भर रस्त्यात ढोलकीवर गातात. मग ते एका घराचं राहत नाही, गाणाऱ्या प्रत्येकाला खांदा द्यावा लागतो. असा सण आपल्या गावी का नसावा?

घरी आलो, तेव्हा बायको आधी पायांकडेच बघत राहिली. पुढच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. सुगंधा दारात आली होती आणि टोपली उतरवण्याआधीच तिने सांगून टाकलं होतं की आजची मासळी जनार्दनने धरलेली आहे.