खसच्या ताट्या

प्लास्टिकचे तयार संच आणून चिकटवणाऱ्यांना मी मॉडेलवाला समजत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोलतो, त्यामुळे आमच्या छंदातल्या मंडळींत माझं फारसं कुणाशी पटत नाही. खोक्यातून सुटे भाग काढायचे, आकडे बघून जोडायचे आणि म्हणायचं, मी बराक बांधली. बांधली कसली, जुळवली. मी लष्करी इमारतींची छोटी मॉडेलं हातानं करतो, आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त काम सामान निवडण्याचं असतं. चुन्याच्या भिंतीला नुसतं प्लास्टर चालत नाही, ते फार गुळगुळीत दिसतं. त्यात विटेची वस्त्रगाळ पूड घालावी लागते. छपराच्या वाशांना तुराटी चांगली, कारण तिच्यावरच्या रेषा बारीक असतात. थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारला की तो विरघळतो, हे मी एक अख्खं शस्त्रागार गमावून शिकलो. बायको म्हणते, भाजी निवडताना एवढं बघितलं असतं तर घरात कधी किडकी वांगी आली नसती.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी छावणीतला जुना दवाखाना करायला घेतला. आईचे वडील पलटणीत होते. ते एकदा त्या दवाखान्यात आजारी पडून होते आणि आई लहानपणी त्यांना बघायला जायची. माझ्याकडे त्या इमारतीचा एक धूसर फोटो होता, बाकी सगळं आईच्या आठवणीतलं. लांबलचक ओसरी, कवेलूचं छप्पर, आणि मे महिन्यात प्रत्येक दाराला खसची ताटी. वाळ्याला आम्ही नागपूरचे लोक खसच म्हणतो.

"एक माणूस दिवसभर त्या ताट्याइले पाणी मारत राहे," आई म्हणाली होती. "बाहेर आग, अन् आत पाय ठेवला की जीव थंड होये."

झालं. मला त्या ताट्या हव्या झाल्या. बोटाच्या पेराएवढ्या, पण खऱ्या खसच्या. दुकानातून नवी खस आणली. ती जाड आणि राठ होती, रंगही कच्चा. एवढ्याशा ताटीवर ती लावली की दाराला झाडणी टेकवून ठेवल्यासारखी दिसे. मग तंबाखूच्या पाण्यात भिजवली, उन्हात वाळवली, चहात उकळली. घरभर वास झाला आणि रंग काही जमला नाही.

जमला तो आईच्या कूलरमध्ये. तिची खोली मागच्या बाजूला, तिच्यातूनच मागच्या अंगणात जायची वाट. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूनं बसवलेला. एक हंगामभर पाणी पिऊन त्याची खस करडी पडली होती, काड्या मऊ होऊन केसासारख्या बारीक फाटल्या होत्या. मी अंगणात उभा राहून एक काडी ओढली आणि उजेडात धरून बघितली. मला हवी होती ती हीच.

एप्रिल लागायच्या आत मी दरवर्षी घरातल्या कूलरची खस बदलतो. त्या वर्षी आमच्या खोलीतली बदलली, आईची तशीच ठेवली. बायकोनं विचारलं तेव्हा म्हटलं, अजून चांगली आहे, उगाच कशाला बदलायची. खरं कारण हे की आणखी महिनाभर पाणी पडलं की तिचा रंग अजून मुरणार होता. हे लिहिताना माझं मलाच खरं वाटत नाही, पण मी असाच विचार केला होता.

हिंगण्याच्या कंपनीत पहिली पाळी करून मी दुपार कलता कलता घरी येतो. एरवी हातपाय धुतले की सरळ वरच्या खोलीत, माझ्या टेबलाशी. आईची भेट व्हायची ती जेवताना, तीही मी घाईत असलो तर नाही. त्या एप्रिलमध्ये मात्र मी रोज तिच्या खोलीत जायला लागलो. कूलरमध्ये पाणी भरतो, असं सांगायचो. बायकोला कौतुक वाटलं, कारण ते काम आजवर तीच करत होती. मी अंगणात जाऊन टाकीत पाइप सोडायचो आणि बाजूच्या जाळीतून एकेक काडी ओढायचो. दहा ओढाव्यात तेव्हा एक मनासारखी मिळायची, बाकीच्या फेकून द्यायचो. निवडलेल्या काड्या शर्टाच्या खिशात. मग टाकी भरेपर्यंत उन्हात कशाला उभं राहायचं म्हणून आत येऊन आईच्या खाटेच्या कडेला बसायचो. ती बोलायची. मी दवाखान्याबद्दल विचारायचो. ओसरीच्या खांबांना रंग होता का, दारं आत उघडत का बाहेर. ती उत्तर द्यायची आणि तिथून घसरून भलतीकडेच जायची, तिच्या वडिलांच्या बुटांकडे, छावणीतल्या चिंचेकडे, तिच्या लग्नाकडे. माझ्या कामाचं नसलं की माझं लक्ष पाइपकडे लागायचं.

मे महिन्यात हवा पेटली. रस्त्यावर दुपारचं चिटपाखरू नाही, सक्करदऱ्याच्या तलावाकडून येणारी झुळूकसुद्धा भट्टीतली. आई दोनदा म्हणाली की आजकाल कूलर नुसता आवाज करते. मी म्हटलं, उन्हाळाच तसा आहे. तोवर एक बाजू इतकी विरळ झाली होती की पाणी काड्यांवरून न झिरपता सरळ खाली गळायचं आणि पंखा बाहेरची झळ जशीच्या तशी आत फेकायचा. मला हे दिसत होतं. शेवटच्या चार ताट्या राहिल्या होत्या, त्या झाल्या की बदलू, असं मी ठरवलं होतं.

त्या आधीच बायकोचा कंपनीत फोन आला. आई मोरीजवळ जमिनीवर बसलेली सापडली होती, ओठ कोरडे, बोलणं अडखळत, स्वतःची खोली कुठे ते तिला कळत नव्हतं. बायकोनं शेजाऱ्यांच्या मदतीनं तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. मी हिंगण्याहून कुणाची तरी मोटरसायकल मागून निघालो. मी पोचलो तेव्हा तिच्या हाताला सलाइन लावली होती. डोळे मिटलेले. हात एवढासा दिसत होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात गारवा असतो ना, यांच्या खोलीत कूलर आहे ना. बायको म्हणाली, आहे ना, दिवसभर सुरू असते, हे स्वतः पाणी भरतात. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, शाबासकी द्यावी तशी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी माझी गत. त्यांना काही कळलं नव्हतं, तरी मला वाटलं सगळा वॉर्ड माझ्या खिशाकडे बघतोय. मला माझी शिसारी आली. जो गारवा आईनं मला शब्दांत दिला होता, तो मी तिच्याच खोलीतून ओरबाडून काढला, आणि लावला कुठे, तर ज्या दारातून मुंगीसुद्धा आत जाणार नाही तिथे.

ती दवाखान्यात होती त्या दिवसांत मी कूलर उघडला, उरलेली सगळी खस काढून टाकली आणि नवी भरली, दाबून, दुप्पट. वरच्या खोलीतलं मॉडेलही पुरं केलं. ते का केलं, हे मला सांगता येणार नाही. झोप येत नव्हती आणि हातांना काहीतरी हवं होतं, एवढंच म्हणतो. सगळ्या ताट्या लागल्या. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि त्याच्याकडे बघायची मला इच्छा होत नव्हती.

आई घरी आली. अंग उतरलेलं, पण बोलणं पूर्वीसारखंच धारदार. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खाटेच्या कडेला बसलो. नव्या खसचा वास खोलीभर पसरला होता. आज सांगायचंच, असं ठरवून मी आलो होतो आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. म्हणून म्हटलं, खस बदलली, आता बरं वाटेल.

"हाव," ती म्हणाली. "जुनी तं तूच उपटून राहिला होता."

मी तिच्याकडे बघितलं. ती कूलरकडे तोंड करून पडली होती, नेहमीसारखी.

"इथून पंख्यातून सारं दिसते बाप्पा. आधी तुये बोटं दिसत. मंग रोज थोडा थोडा उजेड याले लागला."

"मंग बोलली काहून नाही वं माय?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बोलली असती तं तू बजारातून आनली असती," ती म्हणाली. "इकडे कशाले आला असता?"

माफी मागायची म्हणून जे काही जुळवून आणलं होतं, ते या प्रश्नापुढे अगदीच किरकोळ होतं. ती खस मागत नव्हती. एवढ्या झळा तिनं गुपचूप सोसल्या, त्या टाकी भरेपर्यंतच्या वेळासाठी. आणि त्या वेळातही मी पाइपकडे बघत होतो.

मग तिनं विचारलं, "तुवा तो दवाखाना झाला का पुरा?"

"नाही वं," मी म्हटलं. "लय बाकी आहे अजून."

"बरं," ती म्हणाली. "घाई नोको करू."