तीन फ्लॉप्या आणि खंडेनवमी

माझ्या नवऱ्याला कुठलीही गोष्ट समजावून सांगायला फार आवडतं. समोरच्याला ती आधीच ठाऊक असेल तर जास्तच. बोईसरच्या एका कारखान्यात तो इंजिनीअर होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्याने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्याने घरी आणला, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत या समजावण्याला नुसता ऊत आला. मी लग्नाआधी पालघरला एका वकिलाकडे मराठी टायपिंग करत असे. त्यामुळे कॉम्प्युटर त्याचा असला तरी कीबोर्डवर बोटं माझी चालायची. हे त्याला जरा खटकायचं.

माझी आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. उमरोळीच्या पलीकडच्या एका गावात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. गुडघे कामातून गेले होते, तोंड मात्र शाबूत होतं. दुपारी पलंगावर बसून ती सांगायची आणि मी तिच्याच बोलीत, तिच्याच शब्दांत टाइप करायची. माहेरी पळून जाऊ नये म्हणून सासूने तिच्या चपला विहिरीत टाकल्या होत्या आणि ती अनवाणीच गेली होती. मिठागरावर पायांना पडलेल्या चिरा ती रात्री मेणाने भरायची. माझे वडील किती गोड बोलत आणि किती सहज हात उगारत, हेही तिने सांगितलं. लहानपणी तिने आम्हाला त्यातलं अक्षर कळू दिलं नव्हतं. त्याचं मला पुस्तक करायचं होतं. दुसरं काही लिहावं असं मला कधी वाटलंच नव्हतं.

वीज तेव्हा मनाला येईल तेव्हा जायची. पडदा काळा झाला की आई दचकायची. एकदा तिने जावयालाच विचारलं, "जावईबापू, लाईट गेली का मी पन जानार नाय ना?"

"आई, तुम्हाला तीन ठिकाणी ठेवतो," तो म्हणाला. "मग जाऊन जाऊन जाल कुठे?"

आई खूश झाली. मीही झाले, खोटं कशाला सांगू.

मला खरं तर सगळं कागदावर छापून हवं होतं. त्याच्या कारखान्यात प्रिंटर होता. पण छापणं म्हणजे बॅकअप नव्हे, असं तो म्हणाला. कागदाला वाळवी लागते, पावसात बुरशी येते, आणि एवढं सगळं परत टाइप कोण करणार? तू? एकाच घरात चार प्रती ठेवल्या तरी त्या एकीसारख्याच, कारण आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली तर सगळ्या एकदम जातात. म्हणून प्रती वेगवेगळ्या जागी हव्यात. त्याने तीन फ्लॉप्या केल्या. त्या जुन्या, मोठ्या, वाकणाऱ्या फ्लॉप्या. काळ्या चौकोनाला मधे एक लांबट खिडकी असायची आणि तिच्यातून आतली तपकिरी चकती उघडीच दिसायची. एक घरच्या कपाटात, एक कारखान्यातल्या त्याच्या ड्रॉवरमध्ये आणि एक मनोरला माझ्या नणंदेकडे. तिला त्याने बजावलं, जिवापाड जप. पुढे कितीतरी दिवस येईल त्या पाहुण्याला त्याने ही व्यवस्था ऐकवली.

श्रावणात आई गेली. मला काही दिवस कॉम्प्युटरकडे बघवेना. दिवाळी झाल्यावर एका दुपारी शेवटचं प्रकरण लिहायचं म्हणून बसले, तर आतून कटकट आवाज आला आणि यंत्र सुरूच होईना. हार्ड डिस्क गेली होती. नवऱ्याला वाईट वाटलं नाही, उलट तो खुलला. एवढी तयारी केली ती कशासाठी, म्हणाला. नवी डिस्क बसवली आणि कपाटातली फ्लॉपी पाकिटातून न बघताच काढून आत सरकवली. खरखर झाली. काही वाचता येईना. त्याने बाहेर काढली तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या चकतीवर लाल रेघा ओढल्या गेल्या होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे अवजारांची पूजा होते. अडकित्त्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. सासूबाई आमच्याकडेच असत; त्या साताऱ्याकडच्या, पूजेत हयगय त्यांना खपत नसे. कॉम्प्युटरला हार घातल्यावर त्यांनी कपाटातली फ्लॉपीही काढली होती. हात लावू नका असं मुलाने सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं, म्हणून बोट स्वच्छ धुऊन फक्त अनामिका लावली. ओलं कुंकू, नेमकं त्या खिडकीत. "बाकी सगळं काळंच होतं," त्या म्हणाल्या, "काळ्यावर कुंकू कसं लावणार?"

कारखान्यात ऑपरेटर लोकांनी त्या दिवशी पान्यापासून साहेबांच्या ड्रॉवरपर्यंत काही सोडलं नव्हतं. ती फ्लॉपी आणली, तिलाही टिळा. थांब, आधी कुणाला तरी विचारू, असं मी म्हणत होते. नवऱ्याने कापूस स्पिरिटमध्ये बुडवून टिळा पुसला आणि पुसताना चकतीच खरवडली. मनोरच्या नणंदेने तर आपली देवघरातच ठेवली होती, जिवापाड जपायची म्हणून. तिच्यावर कुंकवाला अक्षताही चिकटल्या होत्या. आग, पाणी, चोर सगळ्यांचा विचार झाला होता. तिन्ही जागी माणसं आपलीच आहेत, एवढं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पालघरच्या दुकानदाराने तिन्ही उलटसुलट करून पाहिल्या आणि नकारार्थी मान हलवली.

"तुझंच लिहिलेलं ना? मग परत लिही," सासूबाई म्हणाल्या. सगळेच तसं म्हणाले. मी बसलेही. घटना सगळ्या आठवायच्या, पण वाक्यं उतरायची ती माझी, शाळेत शिकलेली. आई तशी बोलतच नसे. तिला परत विचारायची सोय नव्हती. मी ते सोडून दिलं आणि त्याचा राग मला आजही येतो. कुणावर धरावा हे मात्र कळत नाही, कारण एकानेही काही वाईट केलं नव्हतं.

नवऱ्याला मात्र बोलायला एक विषय मिळाला. तीन जागा, तीन टिळे. काही वर्षांनी त्याला बढती मिळाली तेव्हा कारखान्यातली मंडळी घरी जेवायला आली होती. त्याने हा किस्सा अगदी रंगवून सांगितला, सासूबाईंच्या अनामिकेसकट. सगळे पोट धरून हसले. मी वाढत होते. कुणीतरी विचारलं, पण साहेब, त्या फ्लॉपीत होतं काय?

त्याने जरा आठवून पाहिलं. "हिचं काहीतरी लिखाण होतं," तो म्हणाला. "काय गं होतं?"

"माझी आई होती," मी म्हणाले.

मग एकाने श्रीखंड मागितलं आणि मी ते वाढलं.